टायर बघून येतो

वजदीला बस लागायची. नुसती बस नाही. मोटार, होडी, जत्रेतला पाळणा, जे जे हलतं ते सगळं लागायचं. ट्युनिशियात, स्फाक्सला, त्याचं काही अडत नव्हतं, कारण घरून कॉलेजला तो चालत जायचा. पण स्थापत्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला जॉर्डनची सहल असते, विमानाने अम्मानला उतरून पुढे अख्खा दिवस डोंगरातल्या जुन्या रस्त्याने दक्षिणेला जायचं असतं, हे त्याने नाव देताना वाचलंच नाही. त्याने फक्त कड्यात कोरलेल्या शहराचा फोटो बघितला होता. आईने मात्र सगळं वाचलं होतं. तिने बॅगेत कपडे कमी आणि प्लास्टिकच्या पिशव्या जास्त भरल्या.

सकाळी अम्मान मागे पडलं तेव्हा वजदी शेवटच्या रांगेत होता. थोड्या वेळाने तो मधल्या रांगेत आला, आणि मादबा यायच्या आत ड्रायव्हरशेजारच्या एकट्या सीटवर. हे त्याने ठरवलं नव्हतं, वर्गाने एकमताने ठरवलं होतं. ठराव अनीसने मांडला. अनीस त्याचा लहानपणापासूनचा मित्र, म्हणून बोलायला कमी करत नसे.

"पुढे बस बाबा," अनीस म्हणाला. "तिथे काच मोठी आहे. आणि आम्ही लांब आहोत."

ड्रायव्हरचं नाव अबू सुहैब. पन्नाशी उलटलेला, रुंद खांद्यांचा, डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल. त्याने वजदीकडे एकदा नीट बघितलं, पुढ्यातल्या खणातून एक लिंबू काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं.

आमच्या जॉर्डनमधली मूजिबची दरी ज्याने बघितली नाही त्याला सांगून कळायचं नाही. रस्ता वळत वळत पार तळाला जातो आणि तसाच वळत वळत पलीकडे वर चढतो. ज्याने बांधला त्याचं सरळ रेषेशी काहीतरी भांडण असावं. पहिल्याच वळणांना वजदीने लिंबू नाकाला लावलं, मग डोळे मिटले, मग तोंडावर हात धरला. अबू सुहैबने गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि उठून मागे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "टायर बघून येतो."

दार उघडलं. वजदी धडपडत उतरला आणि दगडामागे गेला. अबू सुहैबने खरोखरच मागचा टायर बघितला. बुटाने दाबला, वाकून बघितला, वजदीकडे पाठ करून उगाच बघत राहिला. वजदी सरळ उभा राहिल्यावर पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली. परत येऊन गाडी सुरू केली.

पुढे हेच होत राहिलं. वळण यायचं, वजदी पांढराफटक पडायचा, अबू सुहैब उठून जाहीर करायचा, "टायर बघून येतो."

"या बसला टायर आहेत तरी किती?" मागून अनीसने विचारलं.

"सुरक्षितता महत्त्वाची," मुनजी सर पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले. मुनजी सर म्हणजे सहलीचे प्रमुख. केस पांढरेशुभ्र, उन्हाळा असो की वाळवंट, अंगात कोट आणि गळ्यात टाय. पाहुणा म्हणून कुठेही बसवावा असा माणूस.

दरीच्या तळाला पूल ओलांडल्यावर अबू सुहैब बोलायला लागला. आमच्याकडच्या ड्रायव्हरला शेजारी माणूस बसला की बोलावं लागतं, नाहीतर झोप येते. आणि वजदी ऐकण्याशिवाय काही करायच्या अवस्थेत नव्हता.

"तुला बहीण आहे?" त्याने विचारलं.

"आहेत दोन."

"लग्नं झाली?"

"एकीचं."

"माणसं आली होती मागायला?"

"खूप. आमच्या घरात मावेनात."

"बघ!" अबू सुहैबने स्टिअरिंगवर हात आपटला. "आणि माझ्याकडे माणसंच नाहीत."

मग सगळं बाहेर आलं. मुलगा सुहैब, करकच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. तिथेच शुरूक नावाची नर्स. दोघांचं जमलेलं, मुलीची आई राजी. बाप अबू नाइफ, फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार, तो मात्र अडून बसलेला. अबू सुहैब मुलाला घेऊन एकटाच गेला होता. अबू नाइफने दारात उभं राहून त्याच्या मागे बघितलं. माणसं कुठे आहेत, म्हणाला. मग बसवलं, चहा दिला आणि वाटेला लावलं.

"चहा!" अबू सुहैब म्हणाला. "मुलीच्या मागणीला चहा! कॉफीसुद्धा नाही दिली त्याने."

"मग माणसं घेऊन जा ना, काका."

"कुठली? दोन भाऊ कुवेतला. एक मेहुणा आहे, त्याच्याशी बोलणं बंद. स्टँडवरचे ड्रायव्हर नेतो म्हटलं तर अबू नाइफ म्हणाला, ते तुझ्याबरोबर पत्ते खेळतात, ते तुझ्याबद्दल चांगलंच बोलणार." त्याने गियर बदलला. "तो म्हणतो, तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. मला माहीतच नाही तू कसा आहेस. तुझ्यासाठी तोंड उघडणारा एक माणूस आण. बाकी काही नको. आणि परवा शुक्रवारी दुसरं स्थळ येतंय. चुलत्यांपैकी. त्यांची माणसं रस्त्यात मावायची नाहीत."

पिशवी तोंडाशी धरूनच वजदी म्हणाला, "मागे आहेत की माणसं."

अबू सुहैबने आरशात बघितलं. मागे पोरं वाकडीतिकडी झोपली होती, एक जण ट्यूबमधली हरिसाची तिखट चटणी थेट जिभेवर घेत होता, आणि मधोमध मुनजी सर टाय घालून ताठ बसले होते. अबू सुहैब आरशातून नजर काढीना. पुढचं वळण त्याने तसंच घेतलं, आणि ते वजदीला महागात पडलं.

"टायर बघून येतो," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज वेगळा होता.

करकच्या किल्ल्यात मुलं कमानी मोजत असताना अबू सुहैबने मुनजी सरांना बुरुजाच्या सावलीत गाठलं. मुलीचं गाव वाटेतच आहे. तुम्ही माणसांचे मुख्य. घरधनी विचारेल, काय मागणं आहे. तेव्हा तुम्ही म्हणायचं, तुमची शुरूक आमच्या सुहैबला द्या. एवढंच. आणि तुमचं सगळ्यांचं जेवण तिकडेच.

सरांनी चष्मा पुसला. "जेवणाचे पैसे?"

"ऐब आहे, लाजिरवाणं आहे असं विचारणं, उस्ताद! पाहुणे तुम्ही."

स्फाक्सच्या माणसाला फुकटचं जेवण आणि भाषणाची संधी एकाच दुपारी मिळाली तर तो नाही म्हणत नाही. सरांनी तिथेच वहीच्या मागच्या पानावर भाषणाचे मुद्दे काढले. मुलांना सांगितलं, शर्ट आत खोचा, हसू नका, मी बोलेन. अबू सुहैबने मुलाला कळवलं आणि अबू नाइफला फोन लावला. "दुपारी येतोय. माणसं घेऊन." पलीकडून आवाज आला, "या."

खरं सांगायचं तर ती सगळी गोष्ट तिथे त्या बुरुजाखालीच बिघडली होती, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. अबू सुहैबने सरांना सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही. ती सांगावी लागते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आंघोळीआधी कपडे काढ, असं आपण कुणाला सांगतो का?

अबू नाइफचं घर गावाच्या टोकाला. पाहुण्यांची खोली लांबलचक, भिंतीला लागून गाद्या, मधे सगळं मोकळं. वर्गातल्या मुलींना बायकांनी आत नेलं. दारात बुटांचा ढीग पडला. अबू नाइफ दारात उभा होता, मिशा पांढऱ्या, पाठ अजून फौजेतली. करकहून मोटारसायकलवर आलेला सुहैब बापाच्या मागे भिंतीला चिकटून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

"हे कोण?" अबू नाइफने विचारलं.

"ट्युनिशियाचे," अबू सुहैब म्हणाला.

"सगळे?"

"सगळे."

अबू नाइफने बसकडे बघितलं, मग बुटांकडे, मग मुनजी सरांच्या टायकडे. "तुला जॉर्डनमध्ये कोणी मिळालं नाही?"

"तुम्हीच म्हणालात, पत्ते खेळणारे नकोत. हे पत्ते खेळत नाहीत."

अबू नाइफच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्याने सगळ्यांना आत घेतलं. त्याचे भाऊ, चुलते समोरच्या भिंतीला बसले होते. सरांना मधल्या गादीवर, मानाच्या जागी बसवलं. वजदी दाराजवळ बसला, वेळ आलीच तर पळता यावं म्हणून. जमीन स्थिर होती तरी त्याला ती स्थिर वाटत नव्हती.

अबू नाइफचा पुतण्या एका हातात कॉफीची सुरई आणि दुसऱ्या हातात बिनकानाचे छोटे कप घेऊन आला. पहिला कप सरांना.

आता, आमच्याकडे मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी पीत नाही. कप घेतो आणि पुढ्यात जमिनीवर ठेवून देतो. घरधनी विचारतो, काय मागणं आहे. तो सांगतो. घरधनी म्हणतो, कॉफी प्या, म्हणजे दिलं. कप जमिनीवर भरलेला आहे तोवर यजमानाच्या मानेवर ओझं असतं. प्यायलात की ओझं उतरलं, विषय संपला, मग हवापाण्याच्या गप्पा.

मुनजी सर बुरुजावरून तहानलेले आले होते. त्यांनी कप घेतला आणि एका घोटात संपवला.

सुहैबने डोळे मिटून घेतले. पुतण्या एक क्षण सरांच्या तोंडाकडे बघत राहिला. सरांनी रिकामा कप पुढे धरला होता, कारण बस्स म्हणायचं असेल तर तो हलवायचा असतो हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुतण्याने भरला. सर प्यायले. पुतण्याने पुन्हा भरला. सरांनी सभ्य माणसासारखा तोही संपवला. मग कप कोटाच्या खिशात जातोय की काय असं वाटत असतानाच पुतण्याने तो काढून घेतला. पुढे अनीस प्यायला, तोंड वेडंवाकडं केलं आणि साखर मागितली. मग सगळी रांग प्यायली.

सर उठून उभे राहिले. खाकरले. "आदरणीय यजमान, आज आम्ही..."

"बसा, उस्ताद, बसा," अबू नाइफ मऊ आवाजात म्हणाला. त्याच्या खांद्यावरून काहीतरी खाली उतरल्यासारखा तो मागे रेलला होता. "कॉफी झाली. आता जेवू. सांगा, तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे?"

सरांना प्रश्न विचारलेला आवडतो. ते पावसाबद्दल सांगायला लागले. तिकडचे ऑलिव्ह, मग ऑलिव्हचे भाव. समोरचे चुलते माना डोलवत होते. अबू सुहैब गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि त्याचे मोठाले हात कुठे ठेवावेत ते आता त्याला कळत नव्हतं. शुक्रवार आल्यासारखाच होता.

पुतण्या कप गोळा करत दारापर्यंत आला आणि थांबला.

वजदीने कप घेतला होता. वेलदोड्याचा वास नाकात शिरला मात्र, पोट गळ्यापर्यंत आलं. त्याने कप हळूच गुडघ्यापुढे जमिनीवर ठेवला आणि मान खाली घालून श्वास मोजत बसला. कप काठोकाठ भरलेला होता.

भरलेला कप उचलता येत नाही. पुतण्याने काकाकडे बघितलं. एक चुलता बोलायचा थांबला, मग दुसरा. सर ऑलिव्हच्या तेलापर्यंत आले होते, तेही थांबले. खोलीत फक्त आतल्या दारापलीकडची भांडी वाजत होती, आणि मग तीही वाजेनाशी झाली.

अबू नाइफ सरळ बसला. विचारणं भागच होतं. इतक्या लोकांदेखत न विचारता सोडला असता तर तालुकाभर बोभाटा झाला असता. "बाळा," तो म्हणाला, "तू कॉफी घेतली नाहीस."

वजदीने मान वर केली. मला बस लागते, असं तो सांगणारच होता.

"काही मागणं आहे का तुझं?"

वजदीने अबू सुहैबकडे बघितलं. तो वजदीकडे बघतच नव्हता. त्या कपाकडे बघत होता, आणि त्याचा खालचा ओठ थरथरत होता. एवढ्या मोठ्या माणसाचा ओठ असा थरथरताना वजदीने कधी बघितला नव्हता. त्याला सगळं कळलं असं नाही. पण कपाला हात लावायचा नाही, एवढं कळलं.

"आहे," तो म्हणाला.

"बोल."

"तुमची शुरूक," वजदी म्हणाला, "आमच्या सुहैबला द्या." त्याची ट्युनिशियातली बोली कुणाला कळली नसती, म्हणून तो शाळेतल्या पुस्तकातली अरबी बोलत होता आणि ती मशिदीतल्या खुतब्यासारखी वाटत होती.

"तुमच्या सुहैबला," अबू नाइफ म्हणाला. "तो कुठला?"

वजदीने खोलीत नजर फिरवली. लाल कान दिसले. "तो असावा."

चुलते हसले. अनीसही हसला. अबू नाइफ हसला नाही.

"त्याच्या बापाला किती वर्षं ओळखतोस?"

"सकाळपासून."

आता तर सगळी खोलीच हसली. सरांनी कपाळाला हात लावला. वजदी लाल झाला, आणि पांढऱ्यावर लाल चढल्यामुळे जरा माणसासारखा दिसायला लागला.

"मला बस लागते," तो घाईने म्हणाला. "लहानपणापासून. आज सकाळपासून मी किती वेळा ओकलो ते सांगत नाही, जेवायचंय सगळ्यांना. माझे मित्र हसले. ते चांगले आहेत, पण हसले. माझे वडीलसुद्धा गाडी थांबवताना पुटपुटतात. हे काका दर वेळी गाडी थांबवायचे आणि मोठ्याने सांगायचे, टायर बघून येतो. मग उतरून टायर बघायचे. माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, खरंच टायर खराब आहेत. मघाशी किल्ल्यापाशी मी जाऊन बघितले. टायरना काहीसुद्धा झालेलं नाही."

अबू नाइफने मान वळवली. "टायर?"

"गेल्या महिन्यात घातलेत," अबू सुहैब जमिनीकडे बघत म्हणाला. "सगळे नवीन."

कोणी हसलं नाही.

"हे बापाचं झालं," अबू नाइफ म्हणाला. "मुलाचं काय?"

"मुलाचं मला माहीत नाही. मी त्याला आत्ताच बघितलं. पण तो या माणसाच्या घरात वाढलाय. माझी बहीण मी दिली असती."

अबू नाइफने मिशीवरून हात फिरवला. आतल्या दाराकडे बघितलं, ते बोटभर उघडं होतं. मग कपाकडे बघितलं.

"कॉफी पी, बाळा," अबू नाइफ म्हणाला.

आत एकच कल्लोळ उठला. बायकांनी जिभा नाचवत आनंदाच्या अशा काही आरोळ्या ठोकल्या की बाहेर बांधलेली गाढवं ओरडायला लागली. अबू सुहैब उठला, बसला, परत उठला. पण वजदीचं काम संपलं नव्हतं. कप भरलेला होता आणि सगळे बघत होते.

त्याने कप उचलला. गार झालेली, कडू, वेलदोड्याची कॉफी. एका घोटात घेतली आणि ओठ घट्ट मिटले. अबू नाइफने फातिहासाठी तळवे उघडले, सगळ्यांनी उघडले. वजदीने जन्मात इतक्या मनापासून प्रार्थना केली नव्हती. सगळे लग्नासाठी करत होते, तो पोटासाठी. तळवे तोंडावरून फिरवले तेव्हा कॉफी जागच्या जागी होती. पुतण्या सुरई घेऊन पुन्हा आला, तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाहून अबू सुहैबने हवेत मनगट हलवून दाखवलं. वजदीने कप हलवला आणि सुटला.

मग दह्यातलं मटण आलं, भाताचे डोंगर आले. वजदीने कोरडी रोटी खाल्ली. अबू नाइफ स्वतः त्याच्याजवळ येऊन बसला. "लग्नाला यायचं," म्हणाला. "तू बोललास, तू यायचं."

"बसने?" वजदीने विचारलं.

"चालत ये पाहिजे तर. पण ये."

बसमध्ये नुसता धिंगाणा. मुली आतून सगळं ऐकून आल्या होत्या. त्यांतल्या लमियाने मनगट पुढे करून दाखवलं, शुरूकने दारामागे ते इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले होते. पोरं टाळ्या पिटत लग्नाची गाणी म्हणत होती. सर सुरुवातीला गप्प होते, कारण त्यांचं भाषण खिशातच राहिलं होतं. मग त्यांनी, मुख्य माणसाने आधी पिऊन वातावरण मोकळं करायचं असतं, असं समजावून सांगायला सुरुवात केली. शोबकचा फाटा येईपर्यंत हे लग्न त्यांनीच जमवलं होतं.

अबू सुहैबचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. रस्ता आता सरळ होता आणि वजदीला कितीतरी वेळाने बरं वाटत होतं. ऊन उतरायला लागलं होतं. अचानक गाडी हळू झाली, कडेला गेली, थांबली.

"मला काही होत नाहीये, काका," वजदी म्हणाला.

अबू सुहैबने मागे वळून बघितलं नाही. टायरबद्दलही काही सांगितलं नाही. दार उघडलं, उतरला आणि बसच्या मागे गेला. आरशात वजदीला दिसलं, तो मागच्या चाकाला पाठ लावून खाली बसला होता, डोक्यावरचा लाल रुमाल ओढून दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला होता, आणि त्याचे रुंद खांदे गदगदत होते.

मागे गाणं थांबलं. "आता काय झालं?" कोणीतरी विचारलं. पोरं खिडक्यांकडे सरकायला लागली.

"काय होणार?" अनीस ओरडला. "वजदी! परत?"

वजदीने आईने दिलेली एक कोरी पिशवी उचलली आणि उठून उभा राहिला, सगळ्यांना दिसेल असा.

"परत," तो म्हणाला. "खिडक्या लावून घ्या. वाईट आहे या वेळी."

खिडक्या धडाधड लागल्या, पडदे ओढले गेले. वजदी उतरला, मागच्या चाकापाशी गेला आणि अबू सुहैबकडे पाठ करून उभा राहिला. वाकला. सकाळपासून इतका सराव झाला होता की नुसता आवाज काढणं काही अवघड गेलं नाही. काढत राहिला, थांबून थांबून.

बऱ्याच वेळाने मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"टायर बरे आहेत का रे?" अबू सुहैबने विचारलं.

"बघतोय, काका," वजदी मागे न वळता म्हणाला. "सावकाश होऊ दे."